बिनइस्त्रीचे झब्बे

१० ऑगस्ट
ठरलं. इथल्या, मोहालीच्या मराठी मंडळाच्या ढोल पथकाला बिनइस्त्रीचे सुती झब्बे माझ्याकडून. पाठीवर दुकानाचं नाव. विसर्जनाला शेजारच्या खरड गावातल्या एका शाळेचे ट्रस्टी येणार आहेत. झब्बे बघतील, युनिफॉर्मची ऑर्डर देतील. पक्का. इचलकरंजीत सायकलवर गठ्ठे वाहिलेत मी, कापड मला शिकवू नये कुणी.

१३ ऑगस्ट
लुधियान्याच्या फिनिशिंगवाल्याला सुरकुती न पडण्याचं रसायन डबल मारायला सांगितलं, भट्टीही कडक. म्हणाला, पाजी, कपड़ा कमज़ोर पड़ जाएगा. आळशी माणूस.

१८ ऑगस्ट
कापड आलं. उशीखाली चुरगळून ठेवलं, सकाळी सुरकुती नाही! मी कापड कानाने पारखतो. चांगलं सुती फाडताना लांब टर्रर्र करतं. हे नुसतं चट् म्हणालं. कमी बोलणारं कापड. सभ्य.

२२ ऑगस्ट
अबोली (कन्या, टेक्सटाइल, दुसरं वर्ष) हिंदीतच म्हणाली, पापा, धागे अंदर से जकड़ गए हैं, खिंचेंगे नहीं, सीधे टूटेंगे. घट्ट बांधलेलं तुटेल कसं? फी वाया. सुलोचना म्हणाली, अहो, एक झब्बा घासून धुऊन तरी बघा. बायकोला धंद्यातलं काय कळतं!

३१ ऑगस्ट
सरावात शिशिरचा झब्बा ढोलाच्या दोरीखाली विरला. हा आमचा पथकप्रमुख, मोहालीत आयटीत. म्हणाला, काका, कंबरेला खिडकी पडली. ढोल चुकीचा बांधतो. बाकी सुरकुती एक नाही. फाटलाय तोही कडक!

६ सप्टेंबर, विसर्जन
मीही झब्बा घालून सगळ्यांच्या पुढे. ढोल दणाणले आणि मागून चट्. मग चट् चट्. एवढ्या गजरातही ऐकू आलं. कान तिखट, त्याला इलाज नाही. हात वर गेले की काखेत, वाकले की पाठीत, बरोबर नावावरून. शिशिर ओरडला, काका, नाव अर्धंच राहिलं! मूर्ती उतरवायला मी वाकलो. सगळ्यांत मोठा चट् माझा. सुलोचनाने आरतीच्या ताटावरचं लाल कापड माझ्या पाठीला लावलं. ट्रस्टी पोट धरून हसत होते. म्हणजे लक्षात तरी राहिलो.

८ सप्टेंबर
खरडहून फोन नाही. बिझी असतील.
पथकाला साधे सुती झब्बे बदलून देतोय. मीच सुचवलं. तेव्हा शिशिर फाटके झब्बे घेऊन दारात उभा होता, हा योगायोग. साध्याला सुरकुत्या पडतात त्याचं काय, असं घरात मोठ्याने विचारलं. सुलोचनाने इस्त्री आणून पुढ्यात ठेवली.
कॉलरपासून सुरुवात करतात म्हणे.