गाडीतून उतरणारी माणसं

आई,

आज रविवार. सकाळी बायपासवरच्या हॉटेलात आमची गाडीवेड्यांची बैठक होती. तिथून आत्ताच घरी आले आणि चहाही न टाकता लिहायला बसले. दहा-बारा जण असतात. एक दातांचे डॉक्टर, पारनेरकडचे पोल्ट्रीवाले दोघे भाऊ, बँकेतले एक साहेब, आणि चर्च सुटल्यावर उशिरानं येणारे एक निवृत्त सर. बाई मी एकटीच. आपापल्या गाड्या रांगेत लावायच्या, बॉनेट उघडून एकमेकांना दाखवायचं, मिसळ खायची आणि भांडायचं, एवढाच कार्यक्रम. आजचं भांडण नव्या गाड्यांच्या तोंडावरून झालं. डॉक्टर म्हणाले, हल्लीची प्रत्येक गाडी डोळे बारीक करून, दात विचकून बघते, रस्त्यावर सगळ्यांशी वैर असल्यासारखी. पोल्ट्रीवाला धाकटा म्हणाला, लोकांना तेच पाहिजे, गाडी मागून आली की पुढच्यानं आपण होऊन बाजूला झालं पाहिजे. सरांचा राग तोंडावर नव्हता, पडद्यावर होता. ‘आतला पंखा कमी करायचा तर पडद्याला तीनदा बोट लावायचं, तेही रस्त्यावरची नजर काढून. माझ्या गाडीत खटका आहे, न बघता सापडतो. चांगली चाललेली गोष्ट होती, ती कशाला मोडली?’ त्यांची गाडी तीस वर्षांची आहे आणि ती विकायचं कुणी सुचवलं तर ते नुसते हसतात. दोन तास सगळे बोलत होते. इंजिन, बॅटरी, रंग, चाकं, सगळं झालं. पण गाडीत चढायचं कसं आणि उतरायचं कसं, याचं कुणी एकदाही नाव काढलं नाही. तू असतीस तर तेवढंच बोलली असतीस.

आपलं हॉटेल राळेगणच्या फाट्याजवळ, नगर-पुणे रस्त्याला लागून. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी, पाण्याचं पिंप आणि तुझी भट्टी. वडील शेत आणि गुरं बघायचे, हॉटेल तुझं. भट्टी तू मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून लावली होतीस. भजी सोडताना तुझे हात कढईत आणि डोळे रस्त्यावर. गाड्यांना तुझी स्वतःची नावं होती. चौकोनी ती पेटी, गोल पाठीची ती बेडकी, लाल रंगाची कुठलीही असो ती नवरी. गाडी अजून वळणावर आहे आणि तू आवाजावरून सांगतेस, ‘पेटी आली, चार चहा टाक,’ आणि खरोखर पेटीच येते, तिच्यातून चारच माणसं उतरतात. गाडी चालवणाऱ्याकडे तुझं लक्ष नसायचं. दार उघडलं की तू बघायचीस ते मागच्या सीटवरून उतरणाऱ्या माणसाकडे. कोण आधी पाय टाकतं, कोण डोकं आपटतं, कोणाला दाराला धरावं लागतं, कोण नुसतंच बसून राहतं आणि म्हणतं, मला इथंच द्या चहा. उतरायला जमत नाही हे त्यांना सांगायचं नसतं. तुला ते कळायचं आणि तू स्वतः कपबशी घेऊन काचेपाशी जायचीस.

मी नववीत असताना एकदा एक म्हातारे गृहस्थ गाडीतून उतरत होते. सीट इतकी खाली की त्यांना उठताच येईना. एक पाय बाहेर, एक आत, धोतराचा सोगा दारात अडकलेला. त्यांचा मुलगा पुढं उभा राहून सिगारेट ओढत होता. मला हसू आलं, आणि ते त्यांना ऐकू गेलं. तू जाऊन त्यांना हात दिलास, बाकड्यावर बसवलंस, चहा दिलास. गाडी गेल्यावर मला भट्टीपाशी बोलावलंस.

‘का हसलीस?’

‘ते कसे अडकले होते ना...’

‘गाडी त्यांच्या मापाची न्हाई, त्यात त्यांचा काय दोष? अंगरखा तोकडा झाला तर तू शिंप्याला हसशील का घालनाऱ्याला?’

तू झारा खाली ठेवलास आणि म्हणालीस, ‘ज्यानं गाडी बनवली त्यानं आपल्या आईला एकदा तरी तिच्यातून उतरवून बघाया पायजे हुतं.’ त्या दिवशी तू मला रागावलीस असं मला वाटलं. आता वाटतं, तू मला माझा धंदा शिकवत होतीस, आपल्या दोघींनाही माहीत नसताना.

कारण पुढं मी गाड्यांच्या शोरूममध्येच लागले. आधी दारातल्या टेबलापाशी, मग विक्रीला. लागले तेव्हा तू नगरच्या कापडबाजारातून काळे बूट आणले होतेस, एक माप मोठे, पाय अजून वाढणार असल्यासारखे. पुढं कापूस कोंबून मी ते दोन वर्षं घातले. तेव्हा माणसं यायची ती सगळं घर घेऊन यायची. आजोबा टायरला लाथ मारून बघायचे, बायका डिकी उघडून लग्नाची ट्रंक मावेल का ते हातानं मोजायच्या, आणि पहिला प्रश्न ठरलेला, एका लिटरला किती जाते. आता गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं असतं. मोबाईलवर वीस व्हिडिओ बघून झालेले असतात. मला विचारतात ते फक्त रंग आणि गाडी दसऱ्याला मिळेल का, एवढंच. छताला काच पाहिजे, कारण शेजाऱ्याच्या गाडीला आहे. नगरच्या उन्हात ती काच वर्षातले आठ महिने झाकून ठेवावी लागते, तरी पाहिजे. गाडी उंच पाहिजे. दारातून रस्त्यापर्यंत डांबर असलं तरी उंचच पाहिजे. मी कुणाला नावं ठेवत नाही. घेताना माणसाच्या डोळ्यांत जे येतं ते मला अजूनही आवडतं. सीटवरचं प्लॅस्टिक सहा-सहा महिने काढत नाहीत, त्यामागचा जीवही मला कळतो. पण गाडी घेताना माणूस स्वतःला चालवताना बघतो. मागं कोण बसणार आहे ते त्याला दिसत नाही.

मागच्या महिन्यात अकोले तालुक्यातलं एक कुटुंब आलं. मुलगा चाळिशीचा, चांगला शिकलेला, भंडारदऱ्याकडे त्याचं काहीतरी पर्यटनाचं काम. बरोबर त्याची आई. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चालताना एक पाय गुडघ्यात न वाकवता टाकणारी. मुलानं सगळ्यात उंच गाडी आधीच ठरवून ठेवली होती. शोरूममधली आमची पोरं त्याला छताची काच उघडून दाखवत होती, सगळे माना वर करून बघत होते, आणि ती बाई गाडीपासून चार हात लांब, हात मागं बांधून उभी.

मी म्हटलं, ‘आजी, बसून बघता का?’

‘नको बाय. माझं लुगडं मळकं हाय. गाडीतून आलोय, धुरळा बसलाय. गादी खराब व्हईल तुमची.’

आई, मी तिचा हात धरून तिला दारापाशी आणलं. तिनं पाय उचलला, तो दाराच्या कडेपर्यंत पोचला नाही. दुसऱ्यांदा उचलला. वर धरायला काही सापडेना, तेव्हा तिनं माझा खांदा धरला आणि ओशाळून हसली. मुलगा म्हणाला, ‘राहू दे आई. मॅडम, तिला कुठं रोज बसायचंय?’

मी त्याला कोपऱ्यातल्या एका बसक्या गाडीकडे नेलं. तिच्याकडे कुणी बघत नाही, ती दिसायला अगदी साधी आहे. म्हटलं, ही घ्या असं म्हणत नाही, फक्त आजींना एकदा बसवून बघा. आजी आपली आपण बसली, पिशवी मांडीवर घेतली, काचेतून बाहेर बघितलं आणि आपली आपण उतरली. कुणाला हात मागितला नाही. मुलगा बराच वेळ दोन्ही गाड्यांच्या मधे उभा होता. माझे साहेब काचेमागून माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यानं उंचच घेतली. चढायला बाजूनं एक लोखंडी पायरी बसवून द्या म्हणाला, ती आम्ही दिली. गाडी न्यायला आले त्या दिवशी हार, पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं झालं, आणि आजीला दोघांनी दोन बाजूंनी धरून वर चढवलं. दार लावताना ती मला हळूच म्हणाली, ‘तुमी इचारलं तरी. आमाला कोन इचारतंय.’ साहेब मला नंतर म्हणाले, तुम्ही गिऱ्हाईक घालवलं असतं. मी म्हटलं, हो, घालवलं असतं.

तेव्हापासून तुझ्या पुणतांब्याचा तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. खरं म्हणजे आज लिहायला बसले ते त्यासाठीच. इतका वेळ मी आजूबाजूचं लिहिते आहे.

रस्ता रुंद झाला, हॉटेल गेलं, आणि तू माझ्याकडे नगरला राहायला आलीस. वडील तोवर गेले होते. तुझे गुडघे गेले होते. मला शोरूमनं एक नवीकोरी गाडी घेऊन पुणतांब्याला पाठवलं, तिथल्या एका बागायतदाराला घरी नेऊन दाखवायची होती. तुझं माहेर तिथलं. तुझे भाऊ केव्हाच गाव सोडून गेले होते, पण तुला नदी बघायची होती. मी म्हटलं, चल. तू सकाळीच डोक्यावरून पाणी घेतलंस, हिरवी साडी नेसलीस, वेणी घातलीस. मी स्वतः चालवणार होते. आयुष्यभर तू गाड्या बघितल्यास आणि मुलीनं चालवलेल्या गाडीत पहिल्यांदा बसणार होतीस. तू दाराशी आलीस तेव्हा मी पुढच्या सीटवर घरातली एक जुनी चादर अंथरत होते. तू थांबलीस. मी म्हटलं, ‘शोरूमचा नियम आहे, आई.’ तू म्हणालीस, ‘व्हय का,’ आणि चादरीवर बसलीस.

राहुरीपर्यंत तू खूप बोललीस. त्या गाडीला तू मांजर म्हणालीस, आवाज येत नाही म्हणून. पुणतांब्याला पोचलो. बागेच्या अलीकडे मी गाडी थांबवली, तुला लिंबाच्या सावलीत उतरवलं, चादर काढली, घडी करून डिकीत टाकली. बागेत पेरूच्या झाडांना पाणी चालू होतं. तो माणूस, त्याचे दोन भाऊ आणि त्याची आई तसेच चिखलाच्या पायांनी आले. मी दारं उघडली, ‘या, बसा, बसा की,’ म्हटलं. ते बसले. त्याच्या आईला तर मी हात धरून पुढच्याच सीटवर बसवलं. दोन चकरा मारल्या. तू लिंबाखाली उभी राहून बघत होतीस. नेहमीसारखीच, कोण कसं चढतं, कोण कसं उतरतं.

ते गेल्यावर मी फडक्यानं चिखल पुसला. नदीवर जाऊ या, म्हटलं. तू डिकीपाशी गेलीस, ती उघडायला सांगितलंस, चादर काढलीस. सीटवर आपल्या हातानं नीट अंथरलीस, कोपरे आत खोचलेस, आणि मग बसलीस. मी बघत राहिले. नको गं आई, असं म्हणायला एक क्षण होता, तो गेला. घाटावर तू पायऱ्या उतरू शकली नाहीस, वरूनच गोदावरीला हात जोडलेस. परत येताना मी विचारलं, गाडी कशी वाटली. तुझ्याकडे प्रत्येक गाडीबद्दल बोलायला असायचं. त्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, ‘चांगली हाय. बसाया जरा उंच हाय.’ पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. त्या चादरीबद्दल आपण कधीच बोललो नाही.

असा नियम नव्हता, आई. सीटला डाग पडला तर साहेब बोलतील, एवढी भीती मात्र होती. आणि हिरवी साडी धुतलेली होती, हे मला दिसत होतं.

तुला वाचता यायचं नाही. मामांची पत्रं, दवाखान्याचे कागद, सगळं मीच तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणून हेही आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून वाचलं, कुठं अडले नाही. फक्त चादरीचं आलं तिथं मी चार ओळी गाळल्या आणि एकदम नदीपाशी गेले.