ब्रह्मकमळ आणि पत्ताकोबी

बाई, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, पण या ऑगस्टात एका माणसाची जी किळस आली, ती दुसऱ्या कुणाला सांगावीशी वाटली नाही. परतवाड्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. एकदा मी चिखलदऱ्याहून कसलंसं फूल खुडून आणलं आणि तुम्हाला नाव विचारलं. भर वर्गात तुम्ही म्हणालात, "मेल्यावर नाव काहून विचारतं? जितं होतं तवा नाही पायलं?" मी रडले. त्याच संध्याकाळी तुम्ही मला घरी नेलंत. ओट्यावर डाळ शिजतेय, आणि तुम्ही विळीवर करडईचं काटेरी बोंड उभं चिरताय. "हे एक फूल नाही, पोरी. बारक्या फुलांचा अख्खा मोहल्ला आहे यात."

यंदा अकोल्याच्या आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींबरोबर हिमालयात हेमकुंडला गेले. चढ संपता संपता खडकाच्या फटीत फिकट पिवळी, कागदासारखी पातळ पानं ओंजळीसारखी मिटलेली दिसली. गुडघे टेकले, एक पान बोटानं जरासं सरकवलं. आत जांभळी बोंडं दाटीनं बसलेली, थेट करडईची भावकी. ब्रह्मकमळ, हिमालयाचं स्वतःचं. मागे आमच्या ग्रुपचे अध्यक्ष उभे होते, निवृत्त अधिकारी. म्हणाले, "हे कसलं ब्रह्मकमळ, मॅडम? पत्ताकोबीवानी दिसून राहिलं. खरं तं आमच्या घरी कुंडीत आहे." मी मास्तरीणच, राहवलं नाही. घरचं ते परदेशी निवडुंगाचं फूल, खरं हेच, असं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असं? मंग तं न्याच लागते," म्हणाले आणि मुळासकट उपटलं. मग बाकीचेही वाकले. मी ओरडले तर ते हसले. "एका फुलानं पहाड बोडका होते का?"

चिप्सच्या रिकाम्या पाकिटांत कोंबलेली ती फुलं परतीच्या गाडीत काळी पडली, लिबलिबली. त्या उग्र वासानं कुणीतरी ओकलं, तेव्हा अध्यक्षांनी सगळीच खिडकीतून फेकली आणि रुमालाला हात पुसले. अकोल्यात त्यांचा निसर्गप्रेमी म्हणून सत्कार ठेवला, आणि शाल घालायला मला उभं केलं. माईकवरच म्हटलं, "मी नाही घालणार. यांच्या हाताला अजून वास येतो." दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून माझा नंबर काढला होता. सकाळी आता मी एकटीच फिरते.

मी नाव सांगितलं नसतं, तर ते पत्ताकोबी म्हणून जगलं असतं. हे मनातून जात नाही. पण त्याहून लहान एक गोष्ट आहे, ती कुणालाच बोलले नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. बाई, वर तशी आणखी पुष्कळ फुलं होती. मी एकही धड पाहिलं नाही. उतरेपर्यंत त्या माणसाच्या पाठीकडेच बघत होते.