मोटार मीच सुरू केली

चाळीसगाव, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

आज केलंच मी!

दुपारी खेड्यातून गोविंदभाऊ धावत आले. त्यांची सून बाळंतपणात अडली होती. मी बॅग घेऊन गाडीत बसले, स्टार्टर दाबला, तर नुसतं टक्. दिवे लख्ख लागायचे, पण पुन्हा टक् झालं की विझायचे. म्हणजे बॅटरी ठीक, वीज वाटेत अडतेय? माझे सासरे म्हणाले, "बैलगाडी जुंपतो."

"जरा थांबा, नाना."

बॅटरीची तार जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडली होती, तिथे गंज! आधी का नाही पाहिलं? घासून काढला, त्या तारेच्या शेजारून दुसरी जाड तार आवळली. इंजिन गरजलं.

"चालू व्हयनी वं, डाक्तरीणबाई!" गोविंदभाऊ ओरडले.

बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. वेळेत सोडवली. मुलगी रडली, आणि तिच्याहून मोठ्याने मी हसले.