डोणीतलं पाणी

प्रिय वनमाला,

पत्र बघून घाबरू नकोस. इथं माणसं सगळी बरी आहेत. धर्मराज मुकादम तुमच्या ऊसतोडीच्या टोळीला ज्वारी पोचवायला निघालाय, त्याच्याजवळ हे देतोय. फोनवर तू विचारतेस आणि मी भलतंच बोलून ठेवून देतो, म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलंमाकलं सांभाळून घे. लेकीकडून, पौर्णिमाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच.

ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात देवनळ लावला ते तुला ठाऊक आहे. ऊस जगत नाही तिथंही हा वाढतो, आणि कापून, चुरा करून भट्टीत जाळायला कंपनी नेते, म्हणून त्यांचा माणूस भारत कांड्या देऊन गेला होता. शेजारची चंद्रभागाबाई बांधावरून हसली होती, एवढे बोरू कावून लावता अण्णा, राहिलेली शाळा आता पुरी करता का म्हणून. आपण दोघंही हसलो होतो. आपला बेत ठरलेला होता. नळ उभा राहिला, कपिली गाय व्याली, की दूध डेअरीला घालायचं, तू आणि माझ्या तानाजीनं ऊसतोडीचा कोयता टाकायचा, पोरीची शाळा मोडू द्यायची नाही. दिवाळीनंतर टोळीच्या ट्रॅक्टरवर चढताना तू कपिलीचं दावं माझ्या हातात दिलंस. म्हणालीस, अण्णा, लई जपा, चैतात व्यायची हाय.

संक्रांतीनंतर नळ पिवळा पडायला लागला. माझा जीव राहीना. भारतनं सांगितलं होतं, युरिया थोडा थोडा, तीन वेळा, ओलीवर टाका. मला वाटलं, कालचं लेकरू, त्याला काय कळतंय. उसाला टाकतो तसा भरपूर टाकू. पोत्यात युरियाचे दगडासारखे गठ्ठे झाले होते, फेकता येईनात. पाण्यात विरघळवून तांब्यानं बुडाशी घालावा म्हटलं, तर पिंप गळकं निघालं. मग गोठ्यातल्या, कपिलीच्या पाण्याच्या दगडी डोणीतच कालवला. वनमाला, ते पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं.

दोन बादल्या नळाला घालून परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. कपिली मान हलवत होती, घंटी वाजत होती. रोज त्या वेळेला पाण्यावर सोडतो, तशीच सोडली. ती आपली आपण डोणीकडे गेली. मी सावलीला तंबाखू मळत बसलो. चिमूट तोंडात टाकताना ध्यानात आलं, तोवर अर्धी डोणी रिकामी झाली होती.

पोट फुगलं, अंग थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला. मांजरसुंब्याहून डॉक्टर आले. काय खाल्लं, काय प्यायली, दोनदा विचारलं. ओला कडबा खाल्ला असंल म्हणालो. त्यांनी त्याचं औषध पाजलं. मग रिकामं पोतं त्यांना दिसलं. म्हणाले, बाबा, आधी बोलला असता तर व्हिनेगर पाजून बघितलं असतं. तोवर तिनं मान टाकली होती. वासरू पोटातच गेलं.

त्याला आज बावीस दिवस झाले. उरलेलं पाणी बांधाकडच्या नळाला ओतलं होतं, तो काळाभोर हिरवा झालाय. भारत फोटो काढून गेला. मला तिकडं बघवत नाही.

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, कपिलीची घंटी ऐकवा. मी रिकाम्या गोठ्यात उभा राहिलो आणि घंटी हातानं हलवली. तू पौर्णिमाला ऐकवलीस, ती पोर खदखदून हसली. परवा म्हणालीस, हंगाम संपून पट्टा पडला की धर्मराजला सांगून टाकते, पुढच्या साली आम्ही येणार न्हाई. ते सांगू नकोस बाई. एवढ्यासाठीच लिहिलं. तुला अजून कोयता टाकता येणार नाही, आणि ते माझ्या हातानं झालं. शिव्या द्यायच्या तर दे, पण घंटी ऐकवा म्हणू नकोस. म्हणालीस तर मी परत वाजवीन.

तुझा सासरा,
अण्णा