विकायची डाळ, घरची डाळ

४ मार्च
डाळमिल आज पुन्हा दुपारीच बंद. तूर संपली म्हणून नव्हे, झाडलोट संपेना म्हणून. एकीची तूर निघाली की मशीन रिकामी फिरवायची, जाळी काढायची, झाडू मारायचा, मग दुसरीची घालायची. ज्याची तूर त्याचीच डाळ, हा गावाचा कायदा. एवढी मोठी मशीन आणि चालते घरच्या जात्यासारखी.

मोताळ्याहून सरकारी योजनेचे साहेब येऊन गेले. "ताई, सगळ्यांची तूर एकत्र करा, मोठी खेप काढा. पायली-पायलीनं देशाचा विकास होत नसतो." हंगामभर अशीच चालली तर मशीन दुसऱ्या गावच्या गटाला देणार म्हणे. बचत गटाची अध्यक्ष मी. ऐकूनही मीच घेतलं.

७ मार्च
ह्यांची पिकअप धान्य घेऊन नांदुऱ्याला जाते. तिथल्या शेठनी ह्यांना विचारलं, तेल-पाणी लावून वाळवलेली, पॉलिश न केलेली डाळ मिळेल का? शहरात मागणी आहे. पण माल एकसारखा आणि भरपूर पाहिजे. म्हणजे सगळ्यांची तूर मिसळून. मशीन वाचायची असेल तर हाच रस्ता.

बैठकीत विचारलं. मग शोभाकाकू बोलल्या. वरच्या आळीतल्या, भाजीपाल्याचं मोठं वावर, शब्दाला वजन. "ज्याच्या त्याच्या वावराची गोष्ट असते बाई. कोणाची दाय लवकर शिजते, कोणाची शिजतच नाही." खरं आहे तेही. खारवट जमिनीतली डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टणक ती टणकच. मी मान डोलावली.

११ मार्च
लक्ष द्यायचं नव्हतं, गेलं. शोभाकाकूंची तूर निघाली, पाठोपाठ त्यांच्या जावेची घातली. मध्ये झाडू नाही. मग त्यांच्याच आळीतल्या कुसुमताईंची. तेव्हाही नाही. मग आमच्या सासूबाईंची. त्यानंतर मात्र झाडू, जाळी, ओलं फडकं, परत कोरडं फडकं. म्हणजे वावराची गोष्ट फक्त आमच्या भीमनगरपाशी येऊन वेगळी होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

सासूबाईंना सांगितलं. त्या तूर पाखडत होत्या, सूप थांबलं नाही. "तुले आज दिसलं का? मशीन सरकारची हाय, पोट त्यांचं हाय."
मला राग आला. सासूबाईंचाच जास्त. त्यांना का येत नाही म्हणून.

१९ मार्च
अवकाळीनं गाठलं. तेल-पाणी लावलेली सगळ्यांची तूर शेडपुढे वाळत होती, ज्याची त्याची ताडपत्री, मध्ये चालायला वाट. वारा सुटला आणि लगेच टपोरे थेंब. सगळ्या धावल्या. कोण कुणाची ताडपत्री ओढतंय, पत्ता नाही. आमच्या ताडपत्रीचं एक टोक शोभाकाकूंच्या हातात, त्यांच्या ताडपत्रीचं माझ्या. ओरडत होतो, घसरत होतो, हसतही होतो. शेडमध्ये दिसेल तिथे ओतलं.

पाऊस आला तसा गेला. पाहतो तर एकच ढीग. भोवती सगळ्या उभ्या, आणि हसणं बंद.

२० मार्च
बैठक. मी म्हटलं, कुणी किती तूर आणली ते सगळ्यांना माहीत आहे. त्या हिशेबानं ढिगातली तूर ज्यानं त्यानं न्यावी.
कुसुमताई : "आमची बुढी खात नाही वो असं."
"असं म्हणजे?"
"असं म्हंजे... मिसळलेलं."
मागून कुणीतरी : "विकून टाका ना! विकायले काय होते?"
सगळ्यांचे चेहरे उजळले. हात वर. गटात आजवर चहाच्या साखरेवरसुद्धा एकमत झालं नव्हतं, ते आज झालं. मीपण हात वर केला.

२८ मार्च
ढीग परत वाळवला, भरडायला घेतला. मशीन सकाळपासून सुरू, मध्ये एकदाही थांबली नाही. मशीनचा खरा आवाज असा असतो, हे मला आज कळलं.

हे सकाळी निघालेला माल पोचवून रात्री आले. शेठनी घरी शिजवून पाहिली म्हणे. छान एकजीव वरण झालं. अजून पाठवा म्हणाले. "कोणाची शिजतच नाही" त्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

४ एप्रिल
आता बायका दोन पोती घेऊन येतात. एक घरचं, एक ढिगाचं. घरच्याची झाडलोट तशीच. ढिगाची तूर थेट ओततात, मागे वळून बघतसुद्धा नाहीत. ढीग वाढून राहिला आहे.

साहेब आले, ढिगासमोर माझा फोटो काढला. "पाहिलंत ताई, याला म्हणतात स्केल! लोकांची मानसिकता बदलली तुम्ही." मी फोटोपुरती हसले. मशीन कुठे जात नाही, असं तेच म्हणाले. आनंद झाला नाही असं नाही. दोन बायकांना रोजचं काम लागलं, तेही खोटं नाही.

पण पुण्या-मुंबईची अनोळखी माणसं आमच्या वावरातली डाळ भातावर घेऊन जेवणार, आणि गल्लीपलीकडच्या बाईला ती चालणार नाही. मिसळायला हरकत नाही कारण खायची नाही. वाईट वाटतं. कामात असले तरी वाटतं.

९ एप्रिल
शेडमध्ये मी आणि शोभाकाकू दोघीच. विचारून टाकलं. "काकू, ढिगातली थोडी घरी का नाही नेत?"
"मले काही नाही वो बाई. तुह्या हातचा चहा पेते ना मी? पण घरातली चूल माह्या एकटीची हाय का?"
खोटं बोलत नव्हत्या. चहा पितात. शेडमध्ये, कागदी कपात.

१२ एप्रिल
बैठकीत सांगून टाकलं. मालाची गाडी निघायच्या आधी ढिगातली एक पायली डाळ प्रत्येकीनं घरी न्यायची. जी नेणार नाही तिची तूर पुढच्या ढिगात नाही. सगळ्या चहा न घेता उठल्या.

हे भडकले. "येडी झाली काय तू? चालत्या गाडीले खीळ काऊन घालून राह्यली?" बरोबर आहे त्यांचं. वरच्या आळीनं हात काढला तर शेठचा माल भरत नाही, आणि मशीन जाते. जेवताना माझ्या ताटात भाकरी मात्र सासूबाईंनी वाढली. एरवी मीच वाढते.

१५ एप्रिल
पिशव्या भरून ओट्यावर ठेवल्या. आमच्या आळीतल्या बायका सकाळीच घेऊन गेल्या. त्यांना काय अडचण. नंतर बराच वेळ कुणी नाही. कुसुमताई समोरून गेल्या, मोबाइल कानाला. बोलत नव्हत्या, नुसता कानाला.

दुपारी गाडी भरली. हे हॉर्न वाजवायला लागले. तेवढ्यात शोभाकाकू आल्या. उन्हाबद्दल बोलल्या, आंब्याबद्दल बोलल्या. मग एक पिशवी उचलली, पदराखाली घेतली आणि मागच्या वाटेनं घराकडे गेल्या.

शिजवतील की म्हशीपुढे ओततील, ते विचारायचा नियम मी केलेला नाही.