प्रोसेसरचा वेग वाढवल्याबद्दल

रविवार, १४ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो निदान खरं कारण सांगून कुरकुरतो. सूनबाईचा खोकला थांबला असेल. पत्र बघून दचकू नकोस. पत्राची एक सोय असते, ते मध्येच अडकत नाही.

तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा वेग वाढवला, ते कळवायला लिहिते आहे. मीच वाढवला. हसू नकोस. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आपलं जरा बोलणं झालं की तुझा चेहरा थिजतो, कॉल तुटतो, आणि मागाहून निरोप येतो, "आई, तुझा प्रोसेसर म्हातारा झालाय, त्याला झेपत नाही." म्हातारा झालाय म्हणे! म्हटलं, बघतेच. आठवड्याभरात माझं तेवढंच बोलणं. लिफ्टमध्ये "कितवा मजला?" विचारतात, ते मी बोलण्यात धरत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे गेले. मान वर न करता म्हणतो, "आजी, नवीनच घ्या ना."

"तुझी आजी जुनी झाली की तूही नवीन आणतोस का रे?"

मग मान वर आली. म्हणाला, या प्रोसेसरला कंपनीने कुलूप घातलेलं नाही, वेग वाढवता येईल. "पण जळला तर माझ्याकडे येऊ नका." आणि कॉल अडकतो तो बहुतेक लाइनमुळे, हेही म्हणाला. म्हणून लाइनवाल्यालाही बोलावून तपासून घेतलं. लाइन ठणठणीत निघाली. राहिला प्रोसेसर.

सगळं रीतसर केलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, आधी टेबल पुसा, मग वही उघडा. तशी आधी पेटी उघडून धूळ काढली. आत तुझ्या मांजराचे केस निघाले. मांजर जाऊन किती वर्षं झाली! प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, वर मोठा पंखा बसवला. मग वेग एकच पायरी वर. विजेच्या दाबाला हात लावला नाही, घरं जळतात ती तिथेच. पायरी चढवली की प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी लावायची आणि तापमानावर नजर ठेवून बसायचं. एका वेळी एकच बदल. दोन केले आणि बिघडलं, तर कोणामुळे ते कळत नाही. हे मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नव्यानेच लागले तेव्हा शिकवलं होतं, तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी नाही.

एका पायरीला स्क्रीन निळा पडला आणि सगळं बंद. मी एक पायरी खाली आले. तिथे तो टिकला, तापलाही बेताचाच.

चाचणी लागली की पंखा घरघरतो. दुपारभर घरात कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. गरज होती त्यापेक्षा जास्त वेळा चाचणी लावली, झालं.

आणि आज सकाळी तुला कॉल केला. चित्र इतकं लख्ख, की तुझ्या हनुवटीवर दाढी करताना कापलेलंही दिसलं. वरच्यांच्या नळाची गळती सांगितली, तू हसलास. मग मी विचारलं, "सुट्टीत येशील का रे?"

तू थिजलास. तोंड अर्धं उघडं, डोळे एका जागी.

भोंग्या, तुझ्या मागे खिडकीचा पडदा हलत होता.

मी बघत राहिले. पडदा फुगला, बसला, पुन्हा फुगला. तुझी पापणी लवली. मग तुझा खांदा जरासा हलला आणि चित्र गेलं. पाठोपाठ निरोप: "प्रोसेसर गं, आई."

जन्मभर लाइनी जोडल्या मी. तुटलेली लाइन आणि ठेवलेला फोन, यांतला फरक मला झोपेतही कळायचा. तान्हेपणी रडून अख्खी इमारत उठवायचास म्हणून तुला भोंग्या म्हणायचे. तो आता आईसमोर पुतळा होऊन बसतो! यायचं नसेल तर "नाही" म्हणायला जीभ झडते का?

आता ऐक. बाबा शांतपणे गेले, एवढंच मी तुला सांगितलं होतं. खुर्चीत बसले होते. बाजारातून काय काय आणायचं ते सांगत होते. "आणि..." म्हणाले आणि थांबले. तोंड अर्धं उघडं. मला वाटलं, आठवताहेत. पिशवी हातात घेऊन मी पुढचा शब्द ऐकायला उभी राहिले. बराच वेळ उभी होते.

दर रविवारी तू तेच तोंड करून बसतोस. तुझा निरोप येईपर्यंत माझा श्वास वर अडकलेला असतो. म्हणून वाढवला वेग. चित्र थांबू नये, एवढ्यासाठी.

पत्र लिहायला बसण्याआधी वेग पुन्हा मूळच्या आकड्यावर आणून ठेवला. बिचाऱ्याला उगाच पळवलं. तो कमी पडत नव्हता.

रविवारी नेहमीच्या वेळी कॉल करीन. नको झालं की "आई, ठेवतो" म्हण. मी लगेच ठेवीन, कारण विचारणार नाही. ते जमवीन मी. पण तोवर हलत राहा.

लाइनवर आहे,
आई