बर्फातून आलेला मुराळी

शनिवार, चोपडा

लिहिल्याशिवाय राहवत नाही. दीपक सुखरूप आहे!

लढाई सुरू झाल्यापासून माझ्या या धाकट्या भावाचा एक फोन नाही. त्याची कमांडो तुकडी कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही, विचारायचंही नाही. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी न्यायला मुराळी येणार नाही, हे मी धरूनच चालले होते. आणि आज संध्याकाळी दारात एक उंच, परका पोरगा! चेहरा करपलेला, फक्त डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं.

"अक्का, चाल, आखाजी उनी. तुले लेवाले उनू," आमच्या अहिराणीत, पाठ केल्यासारखं म्हणाला. आखाजी आली, तुला न्यायला आलोय.

"भाऊ, तुम्ही कोण?"

मग हिंदीत सुरू झाला. "दीदी, छुट्टी मुझे मिली, उसे नहीं. बोला, पहले मेरी बहन को मायके पहुँचा, फिर अपने घर जाना."

म्हणजे हा आणि दीपक कुठेतरी बसून अहिराणी घोकत होते? कुठे पण? ती वर्तुळं गॉगलची, पण आपल्या उन्हात अशी पडतात का? सासरे हळूच म्हणाले, "बर्फ."

मी विचारलंच, दीपक कुठे आहे? पोरगा हसला आणि पुन्हा तेच, "अक्का, चाल."

उद्या त्याच्याबरोबर शिरपूरला, माहेरी जाणार. आईलाही ती पांढरी वर्तुळं दिसतील, ती विचारेल. काय सांगू? एवढंच सांगेन, मुराळी धाडा म्हणजे भाऊ शे. त्याने मुराळी धाडलाय, म्हणजे तो आहे.